इंजिन नव्याने बांधल्यावर स्नोमोबिल सुरू होत नसेल, तर काय तपासावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनेसोटात डुलुथजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी जुनी स्की-डू, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबिल, विकत घेतली. तिच्यात रोटॅक्सचे ५०३ इंजिन आहे, म्हणजे दोन सिलिंडरचे, पंख्याच्या हवेने थंड होणारे, सुमारे ४९७ सीसीचे टू-स्ट्रोक. मागच्या हिवाळ्यात मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचा पिस्टन सीझ झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला. उन्हाळ्यात त्यांनी स्वतः इंजिन उतरवले, दोन्ही सिलिंडर बोअर करून आणले, ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या, क्रँकची (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) दोन्ही टोकांची ऑइल सील बदलली आणि पॅकिंगचा पूर्ण संच नवा टाकला. आता दोरी ओढून खांदा दुखू लागला, तरी इंजिन धरत नाही. दोन्ही प्लग ओले निघतात, अधूनमधून कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो आणि एकदा तर दोरीने हाताला उलटा हिसका दिला. त्यांचा प्रश्न आहे: इंजिन पुन्हा उघडावे का?

माझे उत्तर आहे, उघडू नका. निदान अजून तरी नाही. मी टू-स्ट्रोकचे काम सांगलीच्या एका गॅरेजात शिकलो आणि गेली वीसेक वर्षे ऑन्टारिओत थंडर बे येथे लहान इंजिनेच दुरुस्त करतो. दर नोव्हेंबरात, पहिला बर्फ पडला की, नव्याने बांधलेली आणि सुरू न होणारी दोन-चार इंजिने माझ्याकडे येतात. त्यांतली बहुतेक इंजिने न उघडताच सुरू होतात. जी उघडावी लागतात, त्यांत काय चुकले आहे हेही उघडण्यापूर्वीच बाहेरून कळलेले असते. इंजिन उघडणे ही तपासणी नव्हे. तपासणीत दोष सापडल्यावर करायचे ते काम आहे.

विचाराची दिशा अशी ठेवा. सीझ होईपर्यंत हे इंजिन चालत होते. त्यानंतर जे बदलले, ते तुमच्या हातांनी बदलले. फळीवर पडून राहिलेला सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) उन्हाळ्याभरात आपोआप बिघडला असण्याची शक्यता फार कमी, आणि तुम्ही सोडवलेली, जोडलेली किंवा फिरवलेली एखादी गोष्ट चुकीच्या जागी बसली असण्याची शक्यता फार मोठी असते. म्हणून नवे सुटे भाग मागवण्यापूर्वी आपल्याच हातांच्या वाटेने मागे जावे. तुम्ही दिलेली तीन लक्षणेही ध्यानात ठेवा. प्लग ओले आहेत, म्हणजे पेट्रोल येत आहे. आवाज येतो, म्हणजे करंटही कधी ना कधी येत आहे. पण आवाज कार्बोरेटरमधून येतो आणि दोरी उलटी हिसकते, याचा अर्थ ठिणगी नको त्या वेळी पडत असावी. माझा पहिला संशय टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेवर, आहे आणि दुसरा पिस्टनच्या दिशेवर.

तरीही सुरुवात इंजिन कोरडे करण्यापासून करावी लागेल. इतक्या ओढींनंतर क्रँककेसच्या तळाशी पेट्रोल साचलेले असते, आणि त्या अवस्थेत बाकी सगळे बरोबर असले तरी इंजिन धरत नाही. पेट्रोलचा नळ बंद करा, दोन्ही प्लग काढा, ते कॅपमध्ये बसवून प्लगच्या भोकांपासून दूर अर्थिंगला टेकवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दहा-बारा वेळा दोरी ओढा. भोकांतून तुषार उडतील, म्हणून जवळ हीटर किंवा उघडी ज्योत नसावी. नंतर रात्रभर तसेच उघडे ठेवा आणि नवे प्लग घ्या. पिस्टन बसवताना लावलेले तेल पहिल्या काही ओढींत प्लगवर येते आणि ओल्या, तेलकट प्लगवर तुम्ही उरलेला दिवस फुकट घालवता. या इंजिनाला एनजीकेचे बीआर९ईएस प्लग सर्रास वापरतात. त्यांची फट ०.४५ मिमी ठेवावी.

मग करंट पाहा. प्लग सिलिंडरच्या फिनला (बाहेरच्या पात्याला) टेकवून अंधारात पाहणे ठीक आहे, पण पाच-सहा मिलिमीटरची फट असलेला टेस्टर वापरलात तर अधिक विश्वासाने सांगता येते. दोन्ही बाजूंना दर ओढीला ठिणगी पडली पाहिजे. ती मधूनच पडत असेल, तर इंजिन बंद करणारी तार आधी सोडवा. या गाडीत किल स्विच आणि टेदरची टोपी (चालवणाऱ्याला दोरीने बांधलेली, तो पडला की निघणारी) दोन्ही त्या तारेला अर्थिंगशी जोडून इंजिन बंद करतात, आणि इंजिन परत बसवताना ही तार पंख्याच्या आवरणाखाली चिमटली जाणे ही मी अनेकदा पाहिलेली चूक आहे. तार सोडवल्यावर ठिणगी नियमित झाली, तर दोष त्या तारेत आहे, सीडीआयमध्ये नाही. पोलारिस किंवा आर्क्टिक कॅट असती, तर थ्रॉटलपाशी असलेला सुरक्षा स्विच पाहायला सांगितले असते, कारण तिथे केबल सैल राहिली की ठिणगी बंद होते.

आता टायमिंग. ऑइल सील बदलण्यासाठी तुम्ही मॅग्नेट काढला होता, आणि माझा संशय तिथेच जातो. मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतो आणि त्याच्या खाचेत अर्धचंद्राकार चावी असते. पुष्कळांना वाटते की मॅग्नेटला फिरू न देण्याचे काम ती चावी करते. तसे नाही. मॅग्नेटला धरून ठेवते ते त्या निमुळत्या पृष्ठभागांचे घर्षण. चावी फक्त जागा दाखवते. त्या पृष्ठभागावर तेलाचा हलका थर राहिला किंवा नट पुरेसा आवळला गेला नाही, तर पहिल्याच जोराच्या ओढीत मॅग्नेट किंचित घसरतो आणि बिचारी चावी कापली जाते. कधी मॅग्नेट बसवताना चावी खाचेतून मागे सरकते आणि मॅग्नेट तिच्यावर चढून बसतो. वरून पाहता सगळे जागेवर दिसते. पण चावी अर्धी जरी कापली गेली, तरी टायमिंग कित्येक अंशांनी सरकते.

तुमच्या इंजिनात हे लक्षण ‘फट्’ आवाजाच्या रूपाने का दिसते, तेही समजून घ्या. ५०३ मध्ये रीड व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा, नाहीत. इनटेकचे तोंड पिस्टनची स्कर्टच, म्हणजे त्याचा खालचा भागच, उघडते आणि झाकते. ठिणगी अवेळी पडली, तर पेटलेल्या मिश्रणाला मागे जाण्यापासून अडवणारी झडप वाटेत नसते. ते सरळ कार्बोरेटरमधून बाहेर येते. आणि ठिणगी फारच आधी पडली, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच तो स्फोट खाली ढकलतो आणि क्रँक उलटी फिरते. हाताला बसलेला हिसका तोच. टू-स्ट्रोक इंजिन अशा वेळी उलट्या दिशेने सुरूही होऊ शकते, म्हणून हे दुरुस्त होईपर्यंत दोरी ओढणे थांबवा. या हिसक्याने मनगट मोडलेले लोक मला माहीत आहेत.

तपासणी सोपी आहे. रिकॉइलचे झाकण आणि पुढची पुली काढा. मॅग्नेटच्या बाजूच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून डायल गेज लावून पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणा. डायल गेज नसेल तर प्लास्टिकची लांब नळी चालते, मात्र तिने वरचे टोक ढोबळमानानेच सापडते. मग मॅग्नेटवरची खूण आणि क्रँककेसवरची खूण तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलेल्या मापाशी जुळतात का, ते पाहा. जुळत नसतील तर पुलरने मॅग्नेट काढा. हातोडीने ठोकून मुळीच काढू नका. चावी हातात घेऊन बोटाने तिच्या कडेवरून फिरवा. किंचितही पायरी लागली तर ती टाकून द्या. दोन्ही निमुळते पृष्ठभाग पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनरने पुसून पूर्ण कोरडे करा, नवी चावी घाला आणि नट टॉर्क पान्यानेच आवळा. स्टेटरची (मॅग्नेटच्या आतल्या कॉइलची) प्लेटही सोडवली असेल, तर तिच्यावरची जुनी खूण तपासा. स्क्रूच्या खाचा लांबट असल्यामुळे ती फिरवता येते, आणि सोडवण्यापूर्वी खूण केली नसेल, तर ती परत पूर्वीच्याच जागी बसली असे गृहीत धरता येत नाही.

टायमिंग बरोबर निघाले किंवा बरोबर केल्यावरही इंजिन धरले नाही, तर कॉम्प्रेशन मोजा. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून, काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. थ्रॉटल बंद ठेवून मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. अशा इंजिनांत ११० ते १३० पीएसआय मिळाले तर समाधान मानावे. रिंगा अजून बसलेल्या नसल्याने आकडा थोडा कमी दिसू शकतो. दोन्ही बाजूंत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. ९० च्या खाली असेल तर एक चमचा तेल प्लगच्या भोकातून घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर दोष रिंग किंवा बोअरमध्ये आहे. तसाच राहिला, तर हेडचे पॅकिंग पाहावे. हेडचे नट २२ न्यूटन-मीटरला, तिरपे-तिरपे, दोन टप्प्यांत आवळले होते का, हे स्वतःला विचारा.

आता पिस्टनची दिशा. ही चूक हुशार माणसांकडूनही होते. रोटॅक्सच्या पिस्टनच्या डोक्यावर एक बाण आणि ‘एयूएस’ ही तीन अक्षरे उठवलेली असतात. रोटॅक्स ऑस्ट्रियातली कंपनी आहे आणि ही अक्षरे जर्मनमधल्या ‘आउसपुफ’ या शब्दाची, म्हणजे एक्झॉस्टची, आहेत. इंग्रजी वाचणाऱ्याला त्यांचा काहीच बोध होत नाही. एकाला तर तो कारखान्याचा शिक्का वाटला होता, असे त्याने मला सांगितले. बाण एक्झॉस्टकडे असला पाहिजे. सांगलीत आमचे उस्ताद आरएक्स १०० चा पिस्टन हातात देताना दर वेळी म्हणायचे, “बाण सायलेन्सरकडे, मगच पिन.” तोच नियम इथेही लागू आहे.

पिस्टन उलटा बसला तर दोन गोष्टी घडतात. रिंगा जागेवर राहाव्यात म्हणून खाचेत बारीक पिना असतात आणि त्या अशा ठिकाणी असतात की रिंगेची टोके पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाच्या) उघड्या तोंडावरून जाणार नाहीत. पिस्टन फिरला की ती टोके पोर्टसमोर येतात, त्यात अडकतात आणि मोडतात. दुसरे म्हणजे इनटेकच्या बाजूची स्कर्ट आणि एक्झॉस्टच्या बाजूची स्कर्ट सारखी कापलेली नसते. रीड नसलेल्या इंजिनात इनटेकचे टायमिंग म्हणजे ती कडच. ती चुकीच्या बाजूला गेली की इंजिन नीट श्वास घेऊ शकत नाही, मिश्रण कार्बोरेटरकडे परत फेकते आणि कॉम्प्रेशन चांगले असूनही धरत नाही. ओल्या प्लगांशी आणि कार्बोरेटरमधल्या आवाजाशी हेही जुळते. म्हणूनच ते माझ्या यादीत दुसरे आहे.

पण यासाठी हेड काढायची गरज नाही. पिस्टन नवे आहेत, त्यांच्या डोक्यावर अजून काजळी बसलेली नाही. प्लगच्या भोकातून फोनला जोडायचा छोटा कॅमेरा आत सोडा, पिस्टन वर आणा आणि बाण पाहा. उलटा असेल, तर मात्र सिलिंडर उतरवावाच लागेल आणि रिंगा, पिना, पोर्टच्या कडा बारकाईने पाहाव्या लागतील. तेव्हा हात लागलाच आहे तर पिस्टन पिनच्या दोन्ही लॉकही नवीन घाला. काढलेली लॉक परत वापरू नये.

कॅमेरा आत असताना इनटेक आणि एक्झॉस्टमधूनही एक नजर टाका. काम चालू असताना आत काही पडू नये म्हणून आपण पोर्टमध्ये फडके कोंबतो, आणि तेच आत विसरते. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या मॅनिफोल्डमधून मी निळे, दुकानात मिळते तसे फडके चिमट्याने ओढून काढले. त्यांनी तोपर्यंत दोन कार्बोरेटर किट बदलले होते. उन्हाळ्यात गाडी उघडी पडली असेल, तर एअरबॉक्समध्ये आणि सायलेन्सरमध्ये उंदराचे घरटेही पाहावे. ते इथे अगदी नेहमीचे आहे.

पेट्रोलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुमचे प्लग ओले आहेत. मागच्या हिवाळ्याचे पेट्रोल फेकून द्या. त्यात दहा टक्के इथेनॉल असेल, तर त्याने पाणी ओढलेले असते. मिकुनीच्या या कार्बोरेटरमध्ये चोकची झडप नसते, मिश्रण घट्ट करणारी वेगळी वाट असते, आणि ती वाट थ्रॉटल पूर्ण बंद असतानाच ओढ घेते. दोरी ओढताना थ्रॉटल दाबण्याची सवय असेल, तर थंड इंजिन धरणारच नाही. स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली सरकणारी कार्बोरेटरची झडप) बसवताना तिची कापलेली बाजू एअरबॉक्सकडे आहे ना, तेवढे पाहा. पेट्रोलच्या पंपाला क्रँककेसचे ठोके पोचवणारी नळी कडक किंवा चिरलेली असेल तर बदला. एवढे झाल्यावर चमचाभर पेट्रोल-तेलाचे मिश्रण प्रत्येक प्लगच्या भोकात घालून, प्लग लावून ओढा. दोन-तीन सेकंद चालून बंद पडले, तर इंजिन ठीक आहे आणि दोष पेट्रोलच्या वाटेत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लांबवले आहे, ती सांगतो. तुमचे पत्र वाचताना मला इंजिन सुरू होत नाही याची काळजी वाटली नाही. ते एकाएकी सुरू होईल याची वाटली. मॅग्नेटच्या बाजूचा पिस्टन का सीझ झाला, हे तुम्ही कुठेच लिहिलेले नाही. एकाच बाजूचा पिस्टन जळतो, तेव्हा बहुतेक वेळा त्या बाजूला कुठून तरी जादा हवा शिरत असते किंवा त्या बाजूच्या कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) बंद असतो. कारण शिल्लक असेल, तर नवा पिस्टनही जुन्याच्याच वाटेने जाईल, तोही पहिल्या तासाभरात. इंजिन बंद आहे तोवर ते शोधण्याची संधी तुमच्या हातात आहे.

त्यासाठी इंजिनाला हवेचा दाब देऊन तपासा. दोन्ही एक्झॉस्ट आणि दोन्ही इनटेकची तोंडे जुन्या ट्यूबचे रबर आणि पत्र्याच्या पट्ट्या लावून बंद करा. इनटेक बंद करताना कार्बोरेटर ज्यांत बसतात ते रबराचे बूट जागेवरच ठेवा आणि त्यांचे कार्बोरेटरकडचे तोंड बुजवा, म्हणजे बूटही तपासले जातील. प्लग लावा. क्रँककेसच्या ज्या नळीतून पंपाला ठोके जातात, तिथून हवा भरा. दुसऱ्या बाजूला तशी नळी नसेल, तर तिथला पिस्टन खाली आणून प्लगच्या भोकातून भरा, कारण पिस्टन खाली असताना ट्रान्सफर पोर्ट उघडे असतात आणि हवा क्रँककेसमध्ये पोचते. दाब सहा पीएसआयच्या आसपास ठेवा, दहाच्या वर नेऊ नका, नाहीतर चांगली सीलही उलटतील. मी यासाठी जुन्या रक्तदाब यंत्राचा फुगा आणि तबकडी वापरतो. तिच्यावरचा शेवटचा ३०० चा आकडा म्हणजे जवळजवळ ५.८ पीएसआय, आपल्याला हवा तेवढाच. पाच-सहा मिनिटे काटा जवळजवळ जागेवर राहिला पाहिजे. मिनिटाला एक पीएसआयहून जास्त घसरत असेल, तर साबणाचे पाणी ब्रशने लावत जा आणि बुडबुडे शोधा.

कुठे शोधायचे? मॅग्नेटच्या मागचे सील, कारण त्याचा स्प्रिंग असलेला ओठ आत क्रँककेसकडे हवा आणि तो उलटा बसवला जाऊ शकतो. क्लचच्या मागचे सील. क्रँककेसच्या दोन अर्ध्यांचा जोड. रबराचे बूट, जे या थंडीत आतून चिरतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. आणि एक जागा जी नवख्यांना सुचत नाही: मॅनिफोल्डचे जोड. ५०३ चे दोन्ही सिलिंडर सुटे आहेत. हेड आवळण्यापूर्वी मॅनिफोल्ड किंवा सरळ पट्टी लावून त्यांची तोंडे एका रेषेत आणली नाहीत, तर एक सिलिंडर केसभर तिरका राहतो. मग नवे पॅकिंग टाकूनही त्या बाजूने हवा शिरते. तुमच्या गाडीत बुडबुडे इथेच दिसले, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

दाब टिकला, मॅग्नेटच्या बाजूच्या कार्बोरेटरचे दोन्ही जेट उजेडासमोर धरून आरपार दिसले, आणि ऑइल पंपाच्या नळ्यांतून हवेचे सगळे बुडबुडे काढले, की मगच इंजिन सुरू करा. पहिली टाकी ऑइल पंप चालू असतानाही मिश्रणाचीच भरा, एका लिटरला २० मिली तेल या प्रमाणात. गाडी बाहेर न्या किंवा गॅरेजचे दार पूर्ण उघडा, कारण बंद गॅरेजात कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत जीव घेण्याइतका साचतो. मागचा भाग पट्टा जमिनीला लागणार नाही असा भक्कम स्टँडवर ठेवा आणि पट्ट्याच्या मागे कोणालाही उभे राहू देऊ नका. सुरू झाल्यावर पाचेक मिनिटे हलक्या वेगावर चालवून पूर्ण थंड होऊ द्या, असे तीन वेळा करा. शेवटी थंड इंजिनावर हेडचे नट पुन्हा २२ ला तपासा आणि दोन्ही प्लग शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मॅग्नेटच्या बाजूचा प्लग दुसऱ्यापेक्षा पांढरा दिसला, तर बर्फावर नेऊ नका आणि त्या बाजूचा दाब आणि जेट पुन्हा तपासा.